सासऱ्यांच्या भिंतीवरचा एकुलता खिळा

सासऱ्यांच्या दिवाणखान्यात खिळा एकच. भिंत इतकी कडक, की दुसरा ठोकायला जावं तर तो आत शिरण्याआधीच वाकतो. आमचं लग्न झाल्यापासून त्या खिळ्यावर आमच्या लग्नाचा फोटो होता. मी थोरला जावई, म्हणजे खिळा माझा. यात कुणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. गेल्या वर्षी एका रविवारी आम्ही जेवायला गेलो आणि पाहतो तर खिळ्यावर साडू.

एकटाच, आणि केवढा मोठा! मागे समुद्र, शेजारी अभयारण्याची पाटी, पायाखाली ओली वाळू, डोक्यावर लाल टोपी आणि तोंडभर दात. साडू दातांचा डॉक्टर आहे. त्याचे दात म्हणजे त्याच्या दवाखान्याची पाटी. ती तो कुठेही उघडतो.

"अभयारण्याचा अख्खा किनारा चालून आले डॉक्टर," सासरे म्हणाले. "या टोकापासून त्या टोकापर्यंत. पायी!"

"चालतात ते पायीच," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. मी आमचा फोटो शोधला. तो आतल्या खोलीत, दारामागे, जमिनीवर टेकवून ठेवला होता. दार उघडलं की त्याची कड बरोबर माझ्या नाकावर आपटत होती. बायकोला काहीच लागत नव्हतं.

"कंपनीतलं ड्रिल आणतो," मी सासऱ्यांना म्हणालो. "दुसरं भोक पाडून देतो, फुकटात."

"नको हो. भिंत खराब होते."

भिंत खराब होते, जावई झाला तरी चालतो. तरीही मी गप्प बसलो असतो. पण निघताना बायको त्या फोटोसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "किती वेगळे दिसतात ना डॉक्टर इथे," आणि तिने सुस्कारा सोडला. आमच्या संसारातले सगळे सुस्कारे मला ओळखता येतात. गॅस संपल्याचा वेगळा, माझ्या भावाचा मुक्काम वाढल्याचा वेगळा. हा नवा होता आणि माझ्यासाठी नव्हता.

शिकलेले लोक याला असूया, मत्सर असं काहीबाही म्हणतात. त्यांना साध्या दुखण्यालाही भारी नाव लागतं. मी शाळा अर्ध्यात सोडली, आणि वाचायला-लिहायला शिकलो ते रद्दीच्या गठ्ठ्यांवर. म्हणून सरळ सांगतो, मी जळलो. घरी पोचेपर्यंत माझं ठरलं होतं. तोच किनारा, त्याच टोकापासून त्याच टोकापर्यंत, आणि फोटो त्याच खिळ्यावर.

"तुम्ही?" बायको म्हणाली.

"का? मला पाय नाहीत?"

"आहेत की. कोपऱ्यावर दूध आणायला स्कूटर काढता, म्हणून मला वाटलं विसरलात."

हा टोमणा अन्यायाचा होता. मी लिफ्ट दुरुस्त करतो. माणसाला स्वतःच्या पायांनी वर जावं लागू नये, यावर आमची चूल पेटते. चालण्याशी माझं भांडण धंद्याचं आहे. पण ते भांडण मी बाजूला ठेवलं आणि सरावाला लागलो.

वाळूत चालायचं तर सराव वाळूतच हवा. आमच्या इमारतीच्या आवारात गिलाव्यासाठी वाळूचा मोठा ढीग पडला होता. मी पाठीवरच्या पिशवीत बायकोने दिलेली तांदळाची गोणी घातली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ढिगावर चढलो. पलीकडे उतरलो. पुन्हा चढलो. कामाला निघालेली माणसं थांबली. खिडक्या उघडल्या. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई आपली खुर्ची गॅलरीत घेऊन आल्या.

"टाच नका टेकवू!" बाई वरून म्हणाल्या. "चवड्यावर या!"

"चवड्यावर आला तर पोटऱ्या जातील, बाई," तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी. "टाचच टेकवा हो तुम्ही."

"उलटं चालायचं असतं. गुडघ्यांना बरं."

"पण हे करताय कशासाठी? किडनी स्टोन आहे का?"

यातल्या एकानेही आयुष्यात वाळू तुडवलेली नव्हती. पण आठवड्याभरात इमारतीत टाचवाले आणि चवडेवाले असे दोन तट पडले, आणि मी टाच टेकवली की बाई खिडकी आपटून लावायच्या. शाळेत मला कुणी इतकं लक्ष देऊन शिकवलं असतं तर मी आज साडू झालो असतो.

मग सेक्रेटरी आले. आम्ही त्यांना 'परिपत्रक' म्हणतो, कारण ते माणसाशी बोलत नाहीत, फळ्याशी बोलतात. मी समोर उभा असताना त्यांनी फळ्यावर कागद लावला: 'सभासदांनी सोसायटीच्या वाळूवर चालू नये.'

"अहो, मी इथेच आहे," मी म्हणालो. "मला तोंडानेच सांगा."

"नोटीस सर्वांसाठी आहे."

"चालतो मी एकटा."

"म्हणूनच नाव घातलेलं नाही. वैयक्तिक टीका आपल्या तत्त्वात बसत नाही."

त्यांचं म्हणणं होतं की मी ढीग सपाट केल्यामुळे वाळू कमी दिसते आणि गवंडी चोरीचा संशय घेतो. मी रोज सराव झाल्यावर ढीग फावड्याने पुन्हा उभा करून देईन, अशी तडजोड झाली. त्यामुळे दंड चांगले झाले. किनारा चालायला दंडांचा काही उपयोग नसतो, ही गोष्ट वेगळी.

इकडे रोज रात्रीच्या जेवणाला बायको बहिणीशी फोनवर माझ्या सरावाचं सगळं वर्णन करायची. "हो गं, पडले ना आज. तांदळासकट." मी ताटात बघून जेवायचो. ते सगळं साडवाच्या कानावर जाणार, आणि तो आपल्या त्या पांढऱ्याशुभ्र दातांनी हसणार, या विचाराने घास तोंडातच फिरायचा.

आता परवानगी. अभयारण्याचं कार्यालय शहरातल्या सरकारी इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर. खाली लिफ्टच्या दारावर कागद: 'बंद आहे. तक्रारीसाठी संपर्क', आणि त्याखाली माझाच नंबर. म्हणजे मी त्या लिफ्टला ओळखत होतो आणि तीही मला. मान खाली घालून जिना चढलो. वर पोचलो तेव्हा माझा श्वास माझ्यापेक्षा दोन मजले खाली होता. टेबलामागच्या कारकुनाने माझं नाव वाचलं, मग माझ्या शर्टाच्या खिशावरचं कंपनीचं नाव वाचलं.

"लिफ्टवाले का तुम्ही?"

"हो, पण आज खाजगी कामासाठी—"

"माझे साहेब महिनाभर जिना चढताहेत. त्यांचा मूड कसा असेल, तुम्हीच सांगा. आधी लिफ्ट, मग अर्ज."

खाली गेलो. स्कूटरवरून हत्यारं आणली. वर गेलो. दाराचा खटका गंजला होता, तो घासून बसवला, शाफ्टमधली धूळ अंगावर घेतली आणि स्वतःच दुरुस्त केलेल्या लिफ्टमधून काळाठिक्कर होऊन पुन्हा त्याच टेबलासमोर उभा राहिलो. कारकून विरघळला. चहा मागवला. मग एकेक अट सांगू लागला.

यंदापासून भडक कपडे नकोत, प्राणी बिथरतात. झालं! साडवाच्या लाल टोपीला मागे टाकायचं म्हणून मी केशरी जाकीट घेऊन ठेवलं होतं, ते आता काहीच कामाचं राहिलं नाही. शिट्टी नको, गाणं नको, वासाचं खाणं नको. वाटेत खाडीचं मुख लागतं, ते ओहोटीतच ओलांडायचं. डॉक्टरांचा दाखला हवा.

"माझा साडूच डॉक्टर आहे," मी जरा नाखुशीनेच म्हणालो.

"कसले?"

"दातांचे."

"मग चालणार नाही. तुम्ही तिकडे चालणार आहात, चावणार नाही."

खोटं कशाला सांगू, त्या एका वाक्याने माझं इतक्या महिन्यांचं दुखणं उतरलं. ते वाक्य मी घरी सांगितलं, कामावर सांगितलं, परिपत्रकांनाही सांगितलं. पण पुढची अट राहिलीच होती.

"गटप्रमुख लागेल. ज्याने हा किनारा आधी पूर्ण चालला आहे असा माणूस."

"मी पहिल्यांदाच चाललोय."

"म्हणून तर गटप्रमुख लागेल."

"मग जो पहिला माणूस चालला, त्याचा गटप्रमुख कोण होता?"

"तेव्हा हा नियम नव्हता. तो चालला आणि हरवला, म्हणून नियम झाला." कारकुनाने रजिस्टर उघडलं. "तुमच्या शहरातलं कुणी... हां, हे पाहा. हे गेल्या वर्षी चाललेत. दातांचे डॉक्टरच आहेत. ओळखता का?"

मी नाही म्हणालो. जीभ आपोआप वळली.

पुढचे पंधरा दिवस मी दुसरा गटप्रमुख शोधला. बाईंचा एक विद्यार्थी गेला होता, पण खाडीपासून परत आला होता. परिपत्रकांचा भाचा गेला होता, पण तो होडीतून. कामावरच्या एकाने छातीठोकपणे सांगितलं की मी गेलोय, आणि चौकशीअंती समुद्र खरा निघाला, पण अभयारण्य निघालं प्राणिसंग्रहालय. शेवटी बायकोने ताटावरून मान वर केली.

"डॉक्टरांना विचारायला काय होतंय?"

"मला काय व्हायचंय?"

"मग विचारा."

"विचारतोय की. मी कुठे नाही म्हणालो?"

साडवाच्या दवाखान्यात गेलो. एका बाईंच्या तोंडात त्याचे दोन्ही हात होते. मी दारातूनच सांगितलं, म्हणजे लवकर संपेल.

"दादा, त्यात विचारायचं काय!" तो तोंडावरचा मास्क खाली करून हसला. "तुमच्यासाठी मी एकदा काय, दहादा चालेन. पिशवी मी देतो, बाटली मी देतो, बूट लागले तर माझे जुने आहेत."

हेच ते. त्याने नकार दिला असता तर मला किती बरं वाटलं असतं! चांगुलपणा करावा, पण माणसाची तयारी नसताना करू नये. त्या खुर्चीतल्या बाईसुद्धा तोंड उघडं ठेवून माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या, म्हणजे त्याच्या कौतुकाने.

ठरल्या दिवशी पहाटे अभयारण्याच्या फाटकावर पोचलो. साडू राखाडी कपड्यांत एखाद्या कॅलेंडरवरच्या माणसासारखा, आणि मी कंपनीच्या जुन्या खाकी ड्रेसात, तेलाच्या डागांसकट. रखवालदाराने माझा मोबाईल मागितला.

"मोबाईल फक्त गटप्रमुखाकडे. बाकीच्यांचे इथे जमा."

"आणि फोटो?"

"गटप्रमुख काढतील. आणि गटप्रमुख जिथे थांबतील तिथून सगळ्यांनी मागे फिरायचं. एकट्याने पुढे जायचं नाही."

म्हणजे माझा फोटो साडवाच्या हातात, माझी वाटचाल साडवाच्या पायांत. मी थोरला जावई.

किनाऱ्याबद्दल मला फार लिहिता येणार नाही. बाकीचे त्यावर पानंच्या पानं लिहितात. वाळू लांबच लांब होती आणि ओल्या पट्ट्यावर ती चक्क फरशीसारखी घट्ट होती. आवारातला सगळा सराव फुकट. टाचवाले आणि चवडेवाले दोघंही खोटे पडले. पक्षी आमच्या पुढे पुढे धावत आणि आम्ही जवळ गेलो की कंटाळून उडत. खेकडे आम्हाला बघून बिळात शिरत. मला चांगलं वाटत होतं. मग साडू म्हणायचा, "दादा, गेल्या वेळी इथे कासवाच्या माद्यांचे माग होते, तुम्ही पाहायला हवे होते," आणि माझं चांगलं वाटणं बंद व्हायचं. या माणसाला माझ्या आधी कासवही भेटून गेलं होतं.

दुपारच्या आधी खाडीचं मुख आलं. पाणी गुडघ्यापर्यंत होतं. बूट काढून गळ्यात अडकवले आणि ओलांडलं. पलीकडे बसून पाय पुसत होतो. साडवाचे बूट भारी, आतून मऊ, कातड्याचे. त्याने ते जोडीने उन्हात मांडले, दवाखान्यात हत्यारं मांडतो तसे. तेवढ्यात मागच्या झुडपांतून कोल्हा आला. घाई नाही, भीती नाही. आला, दोन्ही बूट हुंगले, माझ्या बुटांकडे बघून नाक फिरवलं, साडवाचा डावा बूट तोंडात धरला आणि चालू लागला.

कोल्ह्यालासुद्धा त्याचाच बूट आवडला! आधी मला तेच लागलं.

"अरे! अरे दादा, बूट!" साडू उठला, दोन पावलं टाकली आणि एका शिंपल्यावर पाय पडून मटकन खाली बसला. डॉक्टरांचे तळवे लोण्याचे. "राहू दे, दादा," तो कळवळून म्हणाला. "मला अनवाणी नाही जमणार. परत फिरू आपण. पुढच्या वर्षी येऊ."

पुढच्या वर्षी! आणखी एक वर्ष माझ्या नाकावर ते दार!

मी धावलो. माझ्या पायांत बूट नव्हते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाठीवर पिशवी तशीच. कोल्हा जरा वेग वाढवायचा, मग थांबून मागे बघायचा, येतोय ना म्हणून. मी त्याला जे जे बोललो ते त्याच्या घरच्यांना कळू नये. अभयारण्यात ओरडायला मनाई असल्यामुळे सगळं कुजबुजत बोललो, आणि कुजबुजत शिव्या देत धावण्यासारखा दमवणारा प्रकार नाही. शेवटी एका लाकडी खांबापाशी त्याला बुटाचा कंटाळा आला. त्याने तो टाकला आणि ऐटीत झुडपात गेला. बुटाची जीभ गेली होती, टाच चावलेली होती. मी तो दोन्ही हातांत धरून परत आणला.

साडवाचे डोळे भरून आले. "दादा, माझ्यासाठी तुम्ही..."

बोलायला श्वास नव्हता, म्हणून मोठेपणा राहिला.

उरलेला किनारा तो लंगडत आणि मी त्याला धरून, असे चाललो. संध्याकाळी दुसऱ्या टोकाची पाटी आली. तीच पाटी, जिच्याशेजारी तो लाल टोपीत उभा होता. मी पाटीशेजारी जाऊन उभा राहिलो. केस सारखे केले. पोट आत घेतलं. मोबाईल त्याच्या खिशात होता. आता हा माणूस म्हणेल, दादा, थांबा, एक फोटो. दिवसभर त्याने मला पाणी दिलं, खजूर दिले, मलम दिलं, मी न मागता. आता फक्त एक फोटो.

तो माझ्याकडे बघत उभा राहिला. मग समुद्राकडे बघितलं.

"चला दादा," तो म्हणाला. "फाटक बंद होईल."

मी मागितला नाही. माणसाने मरावं, पण साडवाकडे फोटो मागू नये. घरी बायकोने विचारलं, "फोटो?" मी म्हटलं, "आपण फोटोसाठी चालत नाही." तिने माझ्या पायांना तेल लावलं आणि पुढे काही विचारलं नाही, यावरून तिला सगळं कळलं होतं.

मग महिन्याभराने एका संध्याकाळी सासऱ्यांचा फोन. "जावईबापू, आत्ताच्या आत्ता या." आवाज असा, की मी औषधांच्या दुकानाची चौकशी करतच निघालो.

दारातून पाहिलं. खिळ्यावर साडू नव्हता. खिळ्यावर मी होतो.

त्या लाकडी खांबाला अभयारण्यवाल्यांनी प्राण्यांसाठी छुपा कॅमेरा बांधला होता. 'आपल्या गटातील इसम वन्यप्राण्याचा पाठलाग करताना आढळला, समज देण्यात यावी,' असं पत्र फोटोसकट गटप्रमुखाच्या पत्त्यावर आलं. ते मेहुणीने फोडलं आणि हसत हसत बापाकडे घेऊन आली. सासऱ्यांनी तो फोटो मोठा करून घेतला. पुढे कोल्हा, तोंडात बूट, शेपटी वर. मागे मी, दोन्ही हात पुढे, तोंड उघडं, एक पाय हवेत.

"साडवासाठी जीव टाकून धावलात!" सासरे म्हणाले. "डॉक्टर पायाने अडले आणि तुम्ही... आजकाल सख्खे भाऊ करत नाहीत हो."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी काय सांगणार होतो? की मी खिळ्यासाठी धावलो? शेजारीपाजारी बघायला आले. मी भिंतीजवळ सहज वाटेल असा उभा राहिलो.

"वा! काय रुबाब आहे!" एक जण म्हणाले.

मी मान खाली घातली.

"शेपटी बघा कशी धरलीय!"

पुढे अर्धा तास सगळे कोल्ह्याबद्दल बोलत होते. त्याचे डोळे, त्याची चाल. वर्षभर मी माणसावर जळलो, आता जनावराची पाळी. बायको मात्र बराच वेळ फोटोसमोर उभी होती.

"कसा दिसतो?" मी हळूच विचारलं.

"बरे दिसता धावताना."

"खरंच?"

"कोल्ह्याइतके नाही." आणि तिने सुस्कारा सोडला. तो हसण्याच्या आधीचा होता. तो मला ओळखता येतो.

साडू कोपऱ्यात बसला होता, दात झाकून. मी त्याच्याजवळ गेलो.

"दादा," तो म्हणाला, "घरी हिने रोज तुमचंच ऐकवलं. ताई सांगते ना फोनवर. आज दादा ढिगावर चढले, आज तांदळासकट पडले आणि पुन्हा चढले. मी नुसता चालून आलो, मला तर कुणी पडलास का असंही विचारलं नाही. त्या पाटीपाशी तुम्ही उभे राहिलात, आणि माझा हात खिशातून निघेना." मग फोटोकडे बोट केलं. "आता बघा. सगळे तुम्हाला विचारतात, कोल्ह्याला विचारतात. माझा नुसता बूट आला."

इतकं गोड वाक्य मी माझ्या लग्नातही ऐकलं नव्हतं. त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "पण बूट अगदी स्पष्ट आलाय, डॉक्टर."

त्या दिवशी मी दोनदा वाढून घेतलं. आमच्या लग्नाचा फोटो अजून दारामागेच आहे, आता त्याच्याशेजारी लाल टोपीवाला साडूही टेकलाय, आणि दार आधी त्याला लागतं. आताशा आमचं दोघांचं छान जमतं. फक्त सासऱ्यांकडे गेलो की चपला काढायच्या आधी मी भिंतीपाशी जातो आणि खिळा हलवून बघतो. घट्ट आहे.